कमरेची नाडी

मास्तरांना हॉस्पिटलचं नाव काढलं की छाती फुगवून बोलायची सवय होती. मास्तर म्हणजे शिंपी. सतरा वर्षं त्या हॉस्पिटलच्या रुग्णांचे गाऊन तेच शिवत होते. महिन्यातून एकदा गठ्ठा घेऊन मागच्या दाराने स्टोअरमध्ये जायचं, स्टोअरच्या साहेबांबरोबर चहा घ्यायचा आणि मागच्याच दाराने परत यायचं, एवढाच काय तो त्यांचा हॉस्पिटलशी संबंध. पुढच्या दाराने ते पहिल्यांदा आत गेले ते हर्निया घेऊन.

"घाबरतेस कशाला? सगळी आपलीच माणसं आहेत," ते बायकोला म्हणाले.

आपल्या माणसांनी त्यांना आधी दोन तास बाकावर बसवलं. मग एकाने नाव, वय, आजार आणि बाजू विचारून कागदावर लिहून घेतली. तोच कागद हातात धरून दुसऱ्याने तेच प्रश्न पुन्हा विचारले. तिसऱ्याने कागद हरवला होता. चौथ्याने "कुठली बाजू?" असं विचारल्यावर मास्तर म्हणाले, "सकाळपासून तरी डावीच आहे." मनगटाला नावाची पट्टी बांधली गेली, आणि त्या क्षणापासून त्यांना सगळे एकवीस नंबर म्हणू लागले.

सिस्टरने घडी केलेला गाऊन हातात ठेवला, तेव्हा मात्र मास्तर खुलले. "बघ, शिवण बघ! इतक्या धुण्यांतून गेलाय, टाका हललेला नाही." त्यांनी पडद्याआड जाऊन गाऊन चढवला आणि नवरदेवाच्या तोऱ्यात बाहेर आले. बायकोने पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि गप्प बसली. ही बाई गप्प बसली की काहीतरी गंभीर आहे हे मास्तर संसाराच्या अनुभवाने ओळखून होते.

"काय झालं?"

"काही नाही. मागून सगळं दिसतंय."

इथे जरा मागचं सांगायला हवं. सुरुवातीला त्या गाऊनला पाठीमागे तीन ठिकाणी नाड्या असत: एक मानेशी, एक पाठीशी, एक कमरेशी. नाड्या हाताने लावायचं काम बायकोचं. सहा वर्षांपूर्वी स्टोअरचे साहेब म्हणाले, की कमरेची नाडी धुण्याच्या मशीनमध्ये गुंतते. मास्तरांनी क्षणाचाही विचार केला नाही. "मग काढूनच टाकू की! आजारी माणसाच्या पाठीकडे कोण बघतंय?" साहेब हसले, चहा संपला, नवा नमुना मंजूर झाला. घरी बायको म्हणाली होती, "अहो, पण कमरेशी उघडं नाही का पडणार?" त्यावर मास्तरांनी आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं होतं, "तुला त्यातलं काय कळतंय?"

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर सात शिकाऊ डॉक्टरांचा लवाजमा घेऊन आले आणि पाऊण मिनिट थांबले. "गॅस पास झाला का?" त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं. मास्तरांनी मान हलवली. "छान. आज कॉरिडॉरच्या तीन फेऱ्या मारा, उद्या घरी. चालला नाहीत तर सोडणार नाही."

कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना बाकं होती आणि बाकांवर नातेवाइकांची गर्दी. त्यात निम्म्याच्या वर बायका. मास्तर पलंगावर उताणे पडून राहिले.

त्यांनी आधी सनदशीर मार्ग चोखाळले. घरचा पायजमा? टाक्यांवर नाडा घासेल, चालणार नाही. घरची लुंगी? बाहेरचे कपडे वॉर्डात चालत नाहीत. मग ही चादर गुंडाळतो? चादर पलंगाची आहे, ती पलंगावरच राहील. दुसरा गाऊन उलटा घालू? एका रुग्णाला एकच गाऊन. सिस्टर स्वभावाने चांगली होती, पण तिला नियमाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि मास्तरांना पलंगाबाहेर.

खरं कारण सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर हा गाऊन शिवला कुणी, हा पुढचा प्रश्न आलाच असता.

तेव्हा पलंगाला टांगलेल्या तक्त्यावर लिहिलं गेलं: रुग्ण सहकार्य करत नाही. मग व्यायामवाल्या बाई आल्या, त्यांनी मांड्यांत ताकद नाही असं सांगितलं. एकाने छोट्या हातोडीने गुडघे ठोकून पाहिले. आहारवाल्या बाईंना डाळ कमी पडलीय असं वाटलं. शेवटी एक मृदू आवाजाचा तरुण येऊन विचारून गेला, की लहानपणी तुम्हाला कुणी एकटं सोडलं होतं का? ज्याने त्याने आपापल्या शास्त्राप्रमाणे मास्तरांना तपासलं. पाठीकडे कुणी पाहिलं नाही.

बावीस नंबरवरचे आजोबा तेवढे रोगाच्या मुळाशी पोचले. "हा गाऊन ज्याने शिवलाय ना," ते म्हणाले, "त्याला हाच घालून भर चौकात उभा केला पाहिजे."

"अगदी बरोबर," मास्तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

चार वाजता बायको डबा घेऊन आली. तक्ता वाचला, नवऱ्याचं तोंड वाचलं आणि डबा बाजूला ठेवला.

"उठा."

"अगं, पण..."

"मी आहे मागे. उठा म्हणते ना!"

मास्तर उठले. कमरेशी गाऊनच्या दोन्ही कडा एकत्र आवळलेली बायकोची मूठ त्यांना जाणवली. दोघं कॉरिडॉरमध्ये आली. भिंतीवर मोठा फलक होता: 'नातेवाइकांचा आधार हेच खरे औषध'. मास्तरांनी पुढे पाहिलं आणि त्यांचा पाय अडखळला. कॉरिडॉरमध्ये दहा-बारा रुग्ण चालत होते आणि प्रत्येकाच्या मागे कुणी ना कुणी होतं. कुणाची सून, कुणाचा मुलगा, कुणाची म्हातारी आई. दारातून ही माणसं पाहून मास्तरांना काल भरून आलं होतं, की काय हे प्रेम, कसा आधार देतायत! आता त्यांनी नीट पाहिलं. आधार कुणीच देत नव्हतं. प्रत्येकाची मूठ कमरेशी होती.

सहा वर्षं. रोज. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसऱ्या फेरीला ते हळूच म्हणाले, "चुकलं गं माझं."

"सरळ चाला," बायको म्हणाली. "मूठ सुटेल."

दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं.

मास्तरांना जड उचलायला मनाई होती, म्हणून पुढच्या महिन्याचा गठ्ठा स्टोअरमध्ये बायकोच घेऊन आली. मास्तर मागून चालत होते. साहेबांनी वरचा गाऊन उलगडला, नाड्या मोजल्या आणि तो गठ्ठ्यावर टाकला.

"मास्तर, तीन कशाला? मंजूर नमुना दोनचा आहे. सगळे परत न्या. आणि तुम्हीच म्हणाला होतात, आजारी माणसाच्या पाठीकडे कोण बघतंय?"

बायकोने पिशवीतून दोन नाड्यांचा जुना गाऊन काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"मी बघितलीय," ती म्हणाली. "तीन फेऱ्या. आता तुम्ही हा घाला, नुसता हाच, आणि त्या कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन या. मी मागे येणार नाही."

साहेबांनी गाऊनकडे पाहिलं. आतल्या बाजूच्या उघड्या दारातून कॉरिडॉरमधल्या बाकांकडे पाहिलं, तिथे बसलेल्या बायकांकडे पाहिलं. मग त्यांनी खण उघडून मंजुरीचा शिक्का काढला.