टेम्पोतल्या ताई

पुनर्जन्मावर माझा विश्वास बसला तो कुठल्या पुराणिकाचं ऐकून नव्हे, आमच्या साडभाऊंच्या प्रताप नगरातल्या घरी जाऊन-येऊन. त्या घरात गेलेली कुठलीही वस्तू ज्या जन्मात आत गेली त्याच जन्मात बाहेर आलेली मी तरी पाहिलेली नाही. आमचं इडलीपात्र दोन दिवसांसाठी म्हणून गेलं, ते अंतराळयान होऊन एका गाण्यात उडालं. माझं जुनं हेल्मेट कासव झालं. शेजाऱ्यांच्या नातवाची तीनचाकी सायकल रथ झाली आणि तो नातू आता कॉलेजात गेला तरी अजून साडभाऊ दिसले की तोंड फिरवतो. 'साडभाऊ घरी येत आहेत' असा फोन आला की आमची ही आधी चहाचं आधण ठेवत नाही, आधी स्वयंपाकघराला कडी घालते.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नागपूरच्या सदर भागात त्यांचं लग्नपत्रिकांचं लहानसं दुकान आहे, पण तो नुसता प्रपंच. त्यांचा परमार्थ वेगळाच. आपल्याकडची हौशी पोरं लग्नाच्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा मागून आणतात आणि वऱ्हाडी गाण्यांचे व्हिडिओ काढतात. त्यांना गाण्यात राजवाडा हवा असतो, राक्षस हवा असतो, होडी हवी असते आणि खिशात नाश्त्यापुरते पैसे असतात. अशा पोरांना सगळं नागपूर ओलांडून एकच पत्ता सापडतो. साडभाऊ कधी नाही म्हणत नाहीत. "होऊन जाईन ना बाप्पा, त्यात काय हाये!" म्हणतात आणि नजर शोधक करून आपल्याच घराच्या खिडकीच्या गजांकडे पाहू लागतात.

त्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे पत्रिका. नमुन्याच्या पत्रिका, तारीख चुकलेल्या पत्रिका, छापून झाल्यावर मोडलेल्या लग्नांच्या पत्रिका. त्या भिजवून, कुटून, खळ लावून ते वाटेल ते घडवतात. घाई असली की मात्र कुटण्यात कसूर राहते. एका गाण्यात राक्षस नायिकेसमोर येऊन भयंकर आ वासतो. कॅमेरा जवळ जातो आणि राक्षसाच्या जिभेवर स्पष्ट अक्षरांत दिसतं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' एका राजाच्या मुकुटावर समोरच 'कृपया आहेर आणू नये' असं होतं. दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. साडभाऊ म्हणाले, "चांगला राजा हाये ना मंग. काही मागून नाही राहिला."

नागपूरच्या उन्हाळ्याचाही त्यांनी असाच उपयोग करून घेतला. भर मे महिन्यात एका गाण्यासाठी ऋषी हवा होता. साडभाऊंनी कूलरच्या जुन्या ताट्यांतलं गवत उपसून त्याला पोटापर्यंत दाढी केली, जटा केल्या. ऋषी झालेला मुलगा उन्हाने कासावीस व्हायला लागला तेव्हा यांनी त्याच्या दाढीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि समोर पंखा लावला. ऋषी असा काही गार झाला की डोळे मिटून खरोखरच समाधीत गेला. पॅकअप झालं तरी दाढी काढू देईना. "मी घरी असाच जातो काका," म्हणे, आणि बसने तसाच काटोलला गेला.

कॅमेऱ्याला फक्त समोरची बाजू दिसते, हे त्यांच्या कलेचं मूळ तत्त्व. म्हणून हत्ती केला तरी डाव्या अंगाचा करायचा आणि झाड केलं तरी अर्धं करायचं. हळूहळू हे तत्त्व कलेतून संसारात उतरलं. दिवाळीत घराला रंग दिला तो रस्त्याकडच्या भिंतीला. एका मुंजीला शर्ट फक्त पुढून इस्त्री करून आले. मी खुणावलं तर मलाच समजावलं, "मागून कोन पाह्यते जी साडभाऊ? आपल्याले नमस्कार काय पाठीकडून करतेत लोक?"

एवढ्या या मोठ्या माणसाचं एक दुःख होतं, आणि ते सगळ्या नातेवाइकांना पाठ होतं. ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांचं एकही गाणं पाहिलेलं नव्हतं. सुरुवातीच्या एका गाण्यात राजमहालाला पडदा हवा होता आणि साडभाऊंनी ताईंचा लग्नातला शालू कापला. ताई तेव्हा भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "यापुढे तुमचा कचरा मी पाहणार नाही" एवढंच म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या. गच्चीवर साडभाऊंचा कारखाना, म्हणून कपडेही खाली अंगणात वाळत घालू लागल्या. साडभाऊ पाहुण्यांना टीव्हीपुढे बसवून, रिमोट रोखून, "आता पहा... आता येईन... हे पहा... गेलं!" असं आपलं एकेक कासव दाखवायचे, तेव्हा ताई पदर खोचून मुकाट स्वयंपाकघरात जायच्या. मग साडभाऊ आवाज जरा वाढवायचे. आतून कुकरची शिट्टी तेवढी ऐकू यायची. "साऱ्या दुनियेनं पाह्यलं," ते मला एकदा म्हणाले, "हिनं एक डाव पाह्यलं असतं तं बरं वाटलं असतं जी." मी ते कासव पुन्हा एकदा लावायला सांगितलं, दुसरं काय करणार? मी बँकेतला माणूस.

मग ते गाणं आलं. बायकोला भिणाऱ्या नवऱ्याला स्वप्न पडतं, स्वप्नात बायको ताडाएवढी होते आणि लाटणं घेऊन मागे लागते, असा त्याचा विषय होता. साडभाऊंनी बांबूचा सांगाडा बांधला आणि कमरेपासून वरची एक अवाढव्य बायको उभी केली. मी पाहायला गच्चीवर गेलो आणि पुन्हा एक पायरी खाली उतरलो. तीच हनुवटी, हनुवटीवरचा तोच तीळ, कपाळावर मधोमध तीच उभी आठी, पदर खोचायची तीच तऱ्हा.

"साडभाऊ, या तर आपल्या ताई आहेत!"

"नाही जी. जनरल बायको हाये."

"तीळ?"

"तीळ कोनालेबी असते."

मी मागच्या बाजूला गेलो. मागची बाजूसुद्धा केली होती. नीट अंबाडा घातलेला, अंबाड्यात कागदी अबोलीचा गजरा, मानेवर सुटलेले दोन केस. मी साडभाऊंकडे पाहिलं, तर ते खळीचा डबा ढवळत दुसरीकडे पाहत होते.

शूटिंग पारडीकडच्या एका शेतात होतं आणि दिग्दर्शक यवतमाळचा. त्याने पोळ्याचा दुसरा दिवस ठरवला, कारण नागपूरला सुट्टी, रस्ते मोकळे असणार. आता नागपूरला त्या दिवशी सुट्टी काहून असते हे यवतमाळच्या माणसाला एकवेळ ठाऊक नसेल. त्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्याबरोबर बडगे, म्हणजे गावाला जे जे छळतं त्याचे पुतळे. सगळं शहर रस्त्यावर येऊन 'ईडापीडा घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतं आणि शेवटी ती पीडा जाळून टाकतं. साडभाऊंना हे सगळं लहानपणापासून ठाऊक होतं. "आपन सकाळीच निघून जाऊ ना जी," म्हणाले. पण नाकात नथ नव्हती. तेवढ्या नाकाची नथ इतवारीतल्या, म्हणजे मारबतीच्या ऐन वाटेवरच्या, एका मणीवाल्याने करून ठेवली होती, आणि नथीशिवाय ते ताईंना, म्हणजे जनरल बायकोला, कॅमेऱ्यासमोर उभी करायला तयार नव्हते. आडवी झोपवली तर नाक दबतं, म्हणून टेम्पोत उभी ठेवली. लाटणं हलू नये म्हणून ते धरायला मला मागे चढवलं.

इतवारीत टेम्पो उभा करून साडभाऊ गल्लीत गेले. मणीवाल्याने दार उघडेपर्यंत, चहा पाजेपर्यंत, नथ सापडेपर्यंत इकडे मिरवणूक आली. ढोल आले, गुलाल आला, माणसांचा लोंढा आला आणि आमचा टेम्पो त्यात असा काही शिरला की ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडून हात जोडले.

"कशाचा बडग्या हाये बे हा?" एकाने विचारलं.

"लाटणं दिसून राहिलं. गॅसच्या भावाचा असन."

मी वरून ओरडून सांगत होतो, पण ढोलापुढे बँकेतल्या माणसाचा आवाज तो किती? कोणीतरी मोडक्या बडग्याची 'महागाई' लिहिलेली पाटी आणून ताईंच्या गळ्यात अडकवली. मी शेजारी लाटणं धरून उभा, म्हणून मला महागाईचा नवरा समजून कांद्यांची माळ घातली. 'महागाई घेऊन जा गे मारबत' असा एकच गजर झाला. मघाचा तो विचारणारा माणूस ड्रायव्हरला सांगत होता, "घे मैदानाकडे, जाळाले."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी साडभाऊ दिसले. हातात केवढीतरी नथ. त्यांनी पाटी पाहिली, गजर ऐकला, 'जाळाले' ऐकलं, आणि माझ्या या पोट सुटलेल्या, गुडघे धरलेल्या साडभाऊंनी असा सूर मारला की क्षणात ते टेम्पोवर होते. दोन्ही हात पसरून पुतळ्यापुढे उभे राहिले.

"खबरदार कोनी हात लावला तं! बडग्या नोहे हे! माही बायको हाये!"

ढोल थांबले. इतवारीत मारबतीच्या दिवशी शांतता झाली, हे सांगून कोणाला पटणार नाही. मग खालून एकजण म्हणाला, "काका, मंग घरी कोन हाये?"

"घरी बी थेच हाये, हे बी थेच हाये!" साडभाऊ म्हणाले. त्यांनी ती पाटी काढून फेकली आणि सगळ्यांसमोर, टाचा उंचावून, पुतळ्याच्या नाकात नथ घातली. काय झालं कोण जाणे, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका घरातून एक बाई करंडा घेऊन आल्या. "सवाष्ण हाये, सवाष्णीले कोन जाळते रे?" म्हणत त्यांनी हात पोचेल तिथे, म्हणजे मनगटाला, कुंकू लावलं. मघाचा जाळायला निघालेला माणूसच पुढे होऊन रस्ता करू लागला, "काकू आल्या, काकू आल्या, बाजू व्हा!" मिरवणुकीच्या उलट दिशेने आमची वरात निघाली आणि दोन्ही बाजूंनी शेकडो मोबाइल आमच्यावर रोखलेले होते.

पारडीला जाण्यात अर्थ उरला नव्हता. टेम्पो प्रताप नगरकडे वळला तोच माझ्या बायकोचा फोन आला. ती सकाळपासून ताईंकडेच होती, आणि इतवारीतला व्हिडिओ तिच्या मोबाइलवर आमच्या आधी पोचला होता. "ताईनं पाह्यलं," एवढं म्हणून तिने फोन ठेवला. मी साडभाऊंना सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुतळ्याच्या गालावरचा गुलाल पुसायला लागले, ते उरलेली वाटभर पुसतच राहिले.

त्या गाण्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. शूटिंग झालं, पण नाचणाऱ्या पोरांच्या गर्दीत बायको नीटशी दिसत नाही. गणपतीत मोठा पाऊस आला आणि गच्चीवर ठेवलेली ती बायको दोन रात्रींत खाली बसली. मला आठवण येते ती त्या परतीच्या दुपारची.

ताई फाटकात उभ्या होत्या. गल्लीतली सगळी दारं उघडी. साडभाऊ टेम्पोतून उतरले आणि शाळेतल्या पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले. ताईंनी पदर खोचला. आता काही खरं नाही, असं मला वाटलं. त्या टेम्पोला एक पूर्ण फेरी घालून आल्या. मागे गजऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबल्या.

"नाक असं हाये काय जी माहं?" त्यांनी विचारलं.

साडभाऊंनी मान वर केली. "जरासं चुकलंच हाये. आठवनीनं केलं ना. तू बसतं काय वं इथं? आत्ता दुरुस्त करतो."

मला वाटलं, ताई आत निघून जातील. त्यांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि टेम्पोसमोर बसल्या. साडभाऊंनी खळीचा डबा आणला, कागदाचा लगदा आणला, शिडी लावली. एकदा खाली खुर्चीकडे पाहायचे, एकदा वर पुतळ्याकडे, आणि बोटाने हळूहळू नाक सारखं करायचे. एवढा वेळ ते तिच्याकडे असे कधी पाहत बसले असतील, असं मला वाटत नाही. आणि त्यांचं काम ती पाहत होती, डोळ्याची पापणी न हलवता. मी खिशात रुमाल शोधू लागलो. मी बायकोकडे पाहिलं, तर ती आधीच पदराने नाक पुसत होती.

बऱ्याच वेळाने ताई म्हणाल्या, "एवढी मोठी काहून केली जी?"

साडभाऊ शिडीवर थांबले. लगद्याने भरलेला हात तसाच हवेत राहिला.

"मले तू एवढीच दिसतं," ते म्हणाले.

ताईंनी तोंड फिरवलं.

"हालू नको ना वं, नाक वाकडं होईन," साडभाऊ वरून म्हणाले, आणि आम्ही दोघं चपला घालून, चहा न घेताच, तिथून निघालो.