नऊ वर्षांपूर्वीची सही

कारखान्यात तिला सगळे फौजदार म्हणत, अर्थात पाठीमागे. लिफ्टचे तारदोर तपासणं हे तिचं काम. दोराचा तुकडा यंत्राच्या जबड्यात अडकवून तुटेपर्यंत ताणायचा, आकडा बघायचा आणि कॉम्प्युटरवर पास किंवा नापास लिहायचं. एक तार जरी वेळेआधी तुटली तरी ती अख्खं रीळ परत पाठवी. उत्पादनवाले दातओठ खात. तिला त्यात सुख वाटायचं, आणि ती ते लपवायची तसदीही घेत नसे.

अशा बाईच्या नावावर खराब दोर निघाला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट कोसळली आणि एका माणसाचा पाय गेला. रिळाचा क्रमांक टाकल्यावर नऊ वर्षांपूर्वीची नोंद निघाली: पास, आणि समोर तिचं युजरनेम. चाचणी विभागात येऊन तिला आठच वर्षं झाली होती. त्याआधी ती पॅकिंगला होती, आणि चाचणीला होते ते आज वर्क्स मॅनेजर होऊन काचेच्या केबिनमध्ये बसणारे साहेब.

हे तिने सांगितलं तेव्हा साहेब थंडपणे म्हणाले की पॅकिंगला असतानाही ती चाचणीला मदतीला यायचीच. ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. दोर उचलून द्यायला, यंत्र पुसायला ती यायची. नोंदीला तिने कधी हात लावला नव्हता. पण कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल, असं साहेब चार लोकांत म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत डबा खाणाऱ्या बायका दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या.

कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखाकडे ती तीन वेळा गेली. लॉगिन तुमचं, पासवर्ड तुमचा, मी काय करणार, एवढंच त्याने मान वर न करता सांगितलं. हा गृहस्थ साहेबांच्या गाडीतून घरी जायचा, त्यामुळे त्याची मान वर होणारही नव्हती.

घरी मोठ्या बहिणीने वेगळाच धोशा लावला. माफीचं पत्र लिहून दे, निदान नोकरी तरी वाचेल.

"ताई, माफी मागितली म्हणजे त्या माणसाचा पाय मी घालवला असं होतं," ती म्हणाली. त्यावर दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. खरं तर तिचा स्वतःवरचाही भरवसा डळमळला होता. आपणच कधी ते बटण दाबून विसरलो तर नाही ना, असं वाटून भाजी चिरता चिरता तिचा हात थांबायचा.

मग पॅकिंगमधल्या एका मुलीने एका गिऱ्हाइकाच्या तक्रारीसाठी जुनी पावती पुन्हा छापून काढली. मुलीचं लग्न गेल्या महिन्यात झालेलं, पावती तिनेच तीन वर्षांपूर्वी केलेली, आणि पावतीवर तिचं सासरचं आडनाव. मुलगी हसत सुटली. फौजदार हसली नाही. लग्नानंतर युजरनेम बदललं, तर जुन्या सगळ्या कागदांवरचं नावही बदललं होतं. आठ वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवाल्यांनी आपल्याला काय सांगितलं होतं ते तिला आठवलं: खातं तयार आहे, पासवर्ड तेवढा बदला. नव्या खात्याला वरून मंजुरी आणायचा या लोकांना कंटाळा. जागा सोडून गेलेल्या माणसाचं खातं ते त्या जागी आलेल्याच्या नावावर करून मोकळे होत.

तिने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही.

चौकशीला बाहेरून एक अधिकारीबाई आल्या. भिंतीवरच्या पडद्यावर ती नोंद झळकत होती. तुम्हाला काही सांगायचंय का, असं त्यांनी विचारलं.

"सांगायचं नाही, दाखवायचंय," फौजदार म्हणाली. "माझ्या खात्याचं युजरनेम आत्ता बदलायला सांगा. तुमचं नाव घाला."

प्रमुखाने नियम काढला, लेखी अर्ज लागतो म्हणाला. तिने पर्समधून अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब पाणी पीत होते. अधिकारीबाई म्हणाल्या, बदला.

दोन मिनिटांचं काम. तोच रिळाचा क्रमांक पुन्हा टाकला. नऊ वर्षांपूर्वीची तीच तारीख, तेच पास, आणि समोर अधिकारीबाईंचं नाव.

त्या म्हणाल्या, "तेव्हा मी या कारखान्याचं फाटकही पाहिलं नव्हतं. या खात्याचं नाव केव्हा केव्हा बदललं, त्याची यादी असेल. ती लावा."

यादी तीन ओळींची होती. सगळ्यात खाली अधिकारीबाई, वर फौजदार, आणि तिच्या वर साहेब. फौजदारच्या नावापुढची तारीख दोर पास झाल्यानंतर एक वर्षाची होती.

साहेबांनी पेला खाली ठेवला. अधिकारीबाई लिहायला लागल्या तेव्हा ते तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "आधी माझ्याकडे यायचंस. आपण मिटवलं असतं."

"तुमच्याकडे काय यायचं," ती म्हणाली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."