चक्कीच्या सुरातले काका

काका चक्कीचं बटन दाबायचे, हात डब्यावर ठेवायचे आणि मोटर पूर्ण फिरेपर्यंत कोणाशी बोलायचे नाहीत. कोणी घाई केली की म्हणायचे, “थांब ना माय, सूर लागू दे तिले.” मग दळण सुरू आणि काकांचं भजनही सुरू. आमच्या राजापेठच्या गल्लीत पिठासोबत हे फुकट मिळायचं. खरं सांगू? आम्ही कधी नीट ऐकलंच नाही. तुम्हीही ऐकलं नसतं.

एका शनिवारी ते माझ्या खोलीवर आले. मी ट्यूशनवाल्यांच्या व्हिडिओतला कूलर-पंख्याचा आवाज काढून देते, हे गल्लीभर माहीत आहे. काकांच्या घशात गाठ होती. सोमवारी अकोल्याला स्वरयंत्रच काढणार होते, आणि आवाज तर आधीच गेलेला, नुसती कुजबुज उरलेली. त्यांनी फोन पुढे केला. त्यात काकूंनी कधीतरी चक्कीत रेकॉर्ड केलेलं काकांचं एक भजन होतं.

“यातून चक्की काढ. मी मले चक्कीबिगर कधी ऐकलोच नाई.”

मी म्हटलं, काका, अर्ध्या तासाचं काम! मोटरची घरघर म्हणजे शिडी असते बघा. पन्नास हर्ट्झवर एक पायरी, शंभरवर एक, दीडशेवर एक, अशी वरपर्यंत. फिल्टर लावायचा आणि सगळ्या पायऱ्या उचलायच्या. उचलल्या. घरघर गेली, पण ओळ जिथे येऊन टेकते तिथे काकाही गेले. प्रत्येक ओळीला. फिल्टर बारीक केला, सैल केला, तेच. मग डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं काका आपला सा चक्कीकडूनच घेत होते. फिल्टरला दोघं वेगळे कळतच नव्हते.

रविवारी हे सांगितलं तर म्हणाले, तेवढ्या जागा मी आता भरतो. मी माइक लावला. त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा हवा. मी राहू द्या, राहू द्या करत होते आणि ते बोटानेच पुन्हा लाव म्हणत होते. अकरा वेळा. शेवटी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“आवाज कावून येऊन नाई राहिला वं?”

मी माइक बंद केला.

अकोल्याहून काका परत आले नाहीत.

पंधरा दिवसांनी काकू आल्या. साफ केलेलं भजन मी त्यांना ऐकवलं. रिकाम्या जागांवर मी रविवारची ती हवाच बसवली होती, कशानेतरी भरायला हवं म्हणून. काकू हलल्या नाहीत. मी घाईघाईने विचारलं, तेवढा श्वास काढून टाकू का?

“गानं तं मले पाठ हाये,” त्या म्हणाल्या. “हा राहू दे.”