दादाची डावी बाजू

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, हे लिहिणारा इसम भूत, भानामती, करणी, मूठ यांपैकी कशावरही विश्वास ठेवत नाही. उलट तरुणपणी पांढरी चादर पांघरून मी स्वतः निम्म्या गावाला पळवलंय... असा अनुभवी माणूस भुतांना काय भिणार? वय त्रेपन्न, मुक्काम दिंद्रुड, तालुका माजलगाव, धंदा खत-बियाणं. झालं गांभीर्य. आता खरं सांगतो.

दादा माझा थोरला भाऊ. कापडाचं दुकान. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला झटका आला, मेंदूच्या उजव्या भागात. बोलणं परत आलं, भिंतीला धरून चालणंही आलं, पण त्याची डावी बाजूच हरवली. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, मेंदू तिकडं लक्षच देत नाही. ताटातली उजवीकडची अर्धी भाकरी खाऊन विचारायचा, "चटणी कावून न्हाई वाढली आज?" चटणी डावीकडं तशीच पडलेली असायची. भस्माचे तीन पट्टे कपाळाच्या मध्यावर येऊन थांबायचे. आम्ही लिंगायत, पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं असतं आणि दादाला तो हातच सापडेना. एकदा मला म्हणाला, "ह्यो कुणाचा हात ठिवलाय बे माझ्या अंथरुणात?"

"पाव्हण्याचा," मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो. वहिनी नाही हसली.

अंबाजोगाईहून फिजिओथेरपीची मॅडम यायची. तिनं बजावलं होतं, "सगळ्यांनी डावीकडून बोला. तिकडं बघायची सवय लागू द्या." आम्ही चार दिवस पाळलं. पाचव्या दिवसापासून जो तो उजवीकडून चहा द्यायला लागला. वहिनीनं मात्र सोडलं नाही. खाटेच्या डाव्या अंगाला प्लास्टिकची खुर्ची टाकून दोन महिने बसली. हाका मारायची, पाय चोळायची, दुकानात आज कोण आलतं ते सांगायची. दादा "हूं" म्हणायचा, आणि उजवीकडच्या भिंतीकडं बघत राहायचा.

"वहिनी, उजवीकडनं ये की. बघंल तरी तुज्याकडं," मी एकदा म्हणालो.

"नगं भावजी. तिकडनं तर शेजारीपाजारीबी दिसत्यात त्यान्ला. हिकडं एकडाव बघू द्या. बास."

मग दादाच्या छातीत कफ भरला. त्याला बीडला दवाखान्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी, इकडं घरी, शेंगा फोडता फोडता वहिनी गेली... सूप मांडीवर तसंच. दादाला सांगायचं कुणी? डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. दादा बीडलाच असताना आमच्या रीतीप्रमाणं तिला बसतं केलं, कपाळभर भस्म लावलं, झेंडूचा हार घातला आणि माती दिली.

दादा घरी आला. खाटेवर टेकताच पहिला प्रश्न – "ही कुठाय?"

पुतण्या, दादाचा पोरगा, उठून स्वयंपाकघरात पळाला. आणि माझ्यातला नट जागा झाला! जत्रेतल्या नाटकांत बायकांची कामं केलेला गडी मी. डावीकडच्या खुर्चीत बसलो आणि हुबेहूब वहिनीच्या आवाजात म्हणालो, "हितंच हाय की. जाईन कुठं?"

"हूं," दादा भिंतीकडं बघत म्हणाला.

दोन आठवडे हे नाटक चाललं. पुतण्या स्वयंपाकघरात तोंडात टॉवेल कोंबून रडायचा. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मला जरा मजाही वाटली होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र... त्या खुर्चीतून दादाचा फक्त कान दिसतो. मानेवरचे पांढरे केस दिसतात. बाई दोन महिने एवढंच बघत बसली होती.

मग एका सकाळी, अकराच्या सुमारास, मॅडम एक जाड काचांचा चष्मा घेऊन आली. तो घातला की समोरचं सगळं उजवीकडं सरकलेलं दिसतं. मग पाटीवरच्या ठिपक्याला बोट लावायचं. आधी बोट चुकून उजवीकडं पडतं. पुन्हा पुन्हा लावलं की मेंदू हात आपोआप डावीकडं ओढायला शिकतो. चष्मा काढला तरी ती ओढ काही वेळ टिकते, आणि लक्षही डावीकडं वळतं. दादानं साठ-सत्तर वेळा बोट लावलं. मॅडमनं चष्मा काढला. मी सवयीनं खुर्चीतूनच, वहिनीच्या आवाजात, विचारलं, "दमलाव का? च्या ठिवू?"

आणि दादाची मान वळली... हळूहळू... डावीकडं.

संपलो, म्हटलं. पकडलो गेलो. पण दादा माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून मागं बघत होता. चेहरा असा उजळला, जसा सोयरीक ठरली तेव्हा उजळला होता. मग कपाळावर आठी पडली.

"अगं, एवढं भस्म कुणी फासलं तुला? आन् गळ्यात हार कावून?"

मी मागं पाहिलं. भिंत होती. कॅलेंडर होतं.

मॅडम नंतर म्हणाली, आजारी मेंदूला भास होतात. होत असतील, मी कुठं नाही म्हणतो? पण भस्म? हार? दादासमोर कुणी चकार शब्द काढला नव्हता – एकेकाला बाजूला घेऊन, शपथा घालून विचारलं मी. संध्याकाळपर्यंत त्याची मान पुन्हा भिंतीकडं वळली. पुढं चष्मा अनेकदा लावला. डावीकडं त्याला आम्हीच दिसलो, दुसरं कुणी नाही. आठ दिवसांनी आम्ही खरं काय ते सांगितलं. दादानं ऐकून घेतलं. "हूं" म्हणाला.

त्या सकाळी मात्र मी खुर्चीला खिळून बसलो होतो. आणि दादा, आजारपणानंतर पहिल्यांदाच, डावीकडं वळून सरळ माझ्या डोळ्यांत बघत, थोरल्या भावाच्या त्या जुन्या आवाजात खेकसला –

"ऊठ की बे! कवाची उभी हाय ती!"