भागुबाई शिबिरात प्रश्न विचारते

मखमलाबादच्या भागुबाईचा कुणावर विश्वास नव्हता. फुलबाजारात ती व्यापाऱ्याच्या काट्याखाली हात घालून पाहायची, दुधवाल्यासमोर दुधात बोट बुडवायची. नवरा रावजी शेवंतीला पाणी द्यायला गेला, तरी मागून बांधावर चक्कर मारून यायची. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. भागुबाईचं तोंड कशानं पोळलं होतं देव जाणे, ती पाणीसुद्धा फुंकून प्यायची. आणि शाळेतून आलेल्या मुलीचं, पल्लवीचं, दप्तर रोज ओसरीवर उलटं करायची. पहिलीपासून ते दहावीपर्यंत. त्यात वहीपुस्तकांशिवाय कधी काही सापडलं नाही, त्यामुळे तिचा संशय अधिकच पक्का झाला.

दहावीची परीक्षा संपली त्या एप्रिलात पल्लवीनं नवीनच विषय काढला. शहरातले एक दिनेश सर लहान मुलांचं निवासी शिबिर भरवायचे, वणीजवळच्या एका शाळेत. तिथं मुलांना सांभाळायला ताई-दादा लागायचे, आणि दहावी-अकरावीच्या मुलामुलींना सर त्यासाठी आधी शहरातल्या एका शाळेत तयार करायचे. फी नव्हती, उलट दुपारी पोहे मिळायचे. फुकट ते पौष्टिक असं लोक म्हणतात. भागुबाईच्या लेखी फुकट ते नासकं. ती लगेच नाही म्हणाली नाही, कारण आधी पाणी कुठं मुरतंय ते तिला पाहायचं होतं.

मुरत तर नक्कीच होतं. पल्लवी तिथून घरी येऊन चुलत भावंडांशी बोलताना खाली मांडी घालून बसायला लागली. धाकटा पुंजा हट्ट करून रडायला लागला की पूर्वी ती त्याला धपाटा द्यायची. आता नुसती शेजारी बसून राहायची. एकदा न्हाणीघरात एकटीच कुणाशी तरी बोलत होती, “तुला घरची आठवण येते का रे?” हा ‘रे’ कोण, ते भागुबाईला कळायलाच हवं होतं. तिच्या आत्याची नणंद अशीच गोड बोलणाऱ्या कुणाच्या तरी मागं गेली होती. शिबिराला दोन दिवस राहिले, तेव्हा फुलं विकून ती घरी न जाता, रिकामी पाटी काखेत मारून थेट शहरातल्या त्या शाळेत गेली.

आता गंमत अशी, की त्याच दुपारी सरांनी पोरांची परीक्षा ठेवली होती. मूल सोडायला येणारे पालक काय वाटेल ते विचारतात, त्यांना नीट उत्तरं देता आली पाहिजेत. म्हणून एक अनोळखी बाई आई बनून येणार, असं त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या ओळखीच्या चौधरीबाई यायच्या होत्या. त्या आल्या नाहीत म्हणून सर ऑफिसात फोन लावत बसले होते. तेवढ्यात पाटी घेऊन भागुबाई दारात उभी राहिली. आई बनून आलेल्या बाईंनी वेष तर झकास केलाय, असं पोरांना वाटलं.

शिकवल्याप्रमाणे त्यांनी नमस्कार केला, खुर्ची दिली, पाणी दिलं. भागुबाईनं पाण्याचा वास घेतला आणि पेला खाली ठेवला. पोरं खूश झाली.

मग तिनं एकेकाला धारेवर धरलं. पोरी कुठं निजतात, दाराची कडी आतून आहे की बाहेरून, मोठी पोरं त्या बाजूला कशाला फिरकतात. ललित नावाच्या चष्मेवाल्या मुलाला तिनं विचारलं, तुला यात काय मिळतं? तो म्हणाला, अनुभव. अनुभवाला भाकरीबरोबर खातात का, असं विचारून ती पुढच्याकडं वळली.

शेवटी पल्लवी पुढं आली. ही माझी आई, एवढं म्हटलं असतं की खेळ संपला असता. पण तिच्यानं म्हणवलं नाही. आणि भागुबाईही ओळख दाखवेना. आपली पोर परक्यांशी काय बोलते ते ऐकायची अशी संधी तिला पुन्हा कुठं मिळणार होती?

“माझी पोर काय लपवीत असंल,” भागुबाई म्हणाली, “तर तू तिची पिशवी तपासशील का नाय?”

पल्लवी म्हणाली, “नाही काकू. मी तिला विचारीन, आणि ती सांगेपर्यंत थांबेन. जिची पिशवी रोज तपासतात ना, ती पिशवीत काहीच ठेवत नाही. सगळं पोटात ठेवते.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात घामाघूम झालेल्या चौधरीबाईंना घेऊन सर आत आले, आणि कोण कोणाची आई ते उघड झालं. ललित तर चष्मा काढून पुसायलाच लागला. सरांनी भागुबाईला हात जोडले. पुढं कितीतरी एप्रिल ते आई म्हणून भागुबाईलाच बोलावत, आणि तिच्यापुढं टिकला तोच दादा, टिकली तीच ताई, असा तिथला रिवाज पडला. पण ते नंतरचं. त्या दिवशी पल्लवीला पाठवणार का, असं सरांनी विचारलं, तेव्हा ती नुसतं “बघते” म्हणाली.

दोघी कालव्याच्या कडेनं घरी निघाल्या. विचारायचं खूप होतं, ‘रे’ कोण ते तर होतंच, पण भागुबाईनं ओठ घट्ट मिटून घेतले. तिला हे फार जड गेलं. मळा दिसायला लागला, तेव्हा पल्लवी आपणहून बोलली.

“आई, मला वाटलं तू नकोच म्हणशील.”

“मंग?”

“मला तिथं राहायची भीती वाटती. तुझ्याबिगर मी कधी निजलेच नाय. न्हाणीत मी त्याचीच तालीम करायचे. पोरांना काय सांगायचं त्याची.”

भागुबाई थांबली. जगातला झाडून सगळा संशय तिनं घेऊन पाहिला होता, एवढाच राहिला होता. तिला रडूच आलं. आता नको म्हणणं अगदी सोपं होतं. पोर हसत घरी आली असती, आणि आईनं पाठवलं नाही असं जन्मभर सांगत राहिली असती.

“तू जा,” भागुबाई म्हणाली. “तिथं येखादी पोर रडाया लागली, तर तिला ह्येच सांग. मलाबी भ्या वाटतंय म्हन. खरं बोललीस तर ती निजंल.”

निघायच्या सकाळी शहरातल्या द्वारका चौकात पोरांची गाडी उभी होती, पिंपळगाववरून वणीकडं जाणारी. पल्लवीनं बॅग खाली ठेवली, आपल्या हातानं चेन उघडली आणि म्हणाली, “आई, बघून घे.”

भागुबाईनं चेन लावली. “गाडी सुटंल,” म्हणाली. पल्लवी खिडकीतून हात हलवत राहिली. गाडी आडगावच्या दिशेनं दिसेनाशी झाली, आणि मग भागुबाईला वाटलं, एकदा बघायला काय हरकत होती?