अडकित्त्यानं कापलेली केबल

आमच्या युसूफ वडगाव गावात निम्म्या घरांचा टीव्ही एका झटक्यात बंद पाडण्याचा मान आमच्या घराण्याकडं जातो. घराण्यात तो नेमका कुणाकडं, हे विचारू नका. अडकित्ता माझ्या हातात होता, एवढंच सांगते.

लोक म्हणतात, सुमनअक्काचं डोकं तापट. अहो, तापणार नाही तर काय! ज्या मालिकेपायी मी घराच्या माळवदावर चढले ती तुम्ही बघितली असती, तर तुम्हीही चढला असता. (शिडी जागेवर राहील एवढं मात्र बघून चढला असता. ते पुढं येईलच.)

नागनाथ, म्हणजे आमचा नागू, माझा पाठचा भाऊ. माहेरचं बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान. माझं सासरही त्याच गावात, मध्ये एक गल्ली. भांडून माहेरी जायचं म्हटलं, तर इथला चहा गार व्हायच्या आत मी परत! आमचे वडील, अण्णा, गेल्यावर दुकानाच्या गादीवर नागू बसला आणि गावातल्या बायांचं भाग्य उजळलं. त्याच्या हातात हात दिला की बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा, ही आपली जुनी रीत. पाटलीणबाईसुद्धा वाकायच्या, आणि त्या तर देवापुढंही बेतानंच वाकायच्या.

नागूच्या डाव्या हातात कायम एक हिरवी बांगडी. डोळ्यात काजळाची बारीक रेघ. चालायला लागला की कमरेचा आपला एक ठेका. अंबाजोगाईच्या देवीची परडी त्याच्याकडं, म्हणून दर मंगळवारी लुगडं नेसून, कवड्यांची माळ घालून जोगवा मागायला निघायचा. त्या दिवशी मोठमोठे पागोटेवाले त्याच्या पाया पडायचे. गिऱ्हाइकाला सांगताना "येतो" म्हणायचा, घरात आम्हा बायकांत बसला की "येते गं" म्हणायचा. त्याचं व्याकरण आमच्या घरात कुणी तपासलं नाही. (माझी शाळा चौथीत सुटली. मी काय तपासणार, कप्पाळ!)

आता गाव काही संतांचं नव्हतं. टोमणे असायचेच. पण टोमणा मारणारा समोर उभा असायचा.

"काय नागूबाई, कुणीकडं निघाल्या?"

"तुझ्याच घरला बे. तू आणलेल्या बांगड्या तुझ्या बायकोला बसंनात, मला बोलावणं हाय."

संपला विषय! ऐकणारे त्या टोमणेवाल्यालाच हसायचे, आणि तोही ओशाळून हसायचा.

मग गावात केबल आली. त्या दोन-तीन वर्षांत काय काय आलं म्हणून सांगू! एसटीडीचा पिवळा डबा आला, शांपूच्या पुड्या आल्या, रंगीत थंड्याच्या बाटल्या आल्या. बंडू नावाच्या आमच्या गल्लीतल्या पोरानं घरावर भली मोठी छत्री बसवली आणि माळवदामाळवदांवरून वायरी ओढून घरोघरी केबल दिली. वरल्या आळीला जाणारी वायर आमच्याच माळवदावरून गेली. तिथं जोडणीचा एक डबाही बसवला. (त्याच्या बदल्यात आमची केबल फुकट. म्हणून तर आधी मीही गप्प होते.)

संध्याकाळी सातला एक मालिका लागायची. कॉलेजातल्या पोरापोरींची. कसलं कॉलेज! मास्तर नाही, पुस्तक नाही, सगळे सदा कॅन्टीनात. त्यात चिकू नावाचं एक पात्र होतं. फुलाफुलांचा शर्ट, डोळ्यात काजळ, बोलणं मऊ. तो पोरगा का पोरगी, हे मालिकेनं कधी सांगितलं नाही. त्यांना सांगायचं नव्हतंच, नुसतं हसवायचं होतं. चिकू दारातनं आत आला की वाजायचं, "टुंई-टुंई-ट्यांव!" चिकू खुर्चीत बसला, "ट्यांव!" चिकूनं पाणी मागितलं, "टुंई-टुंई!" आणि मग हास्याचा नुसता धबधबा. हसणारं माणूस मात्र एक दिसेल तर शपथ!

"हसतंय कोण ओ?" मी आमच्या मालकांना विचारलं.

"मशीन असतंय त्याला," मालक म्हणाले.

मशीन! आमची पिठाची गिरणी आहे, ज्वारी दळायला मशीन लागतं हे मला समजतं. पण हसायला मशीन? माणसाला हसू आलं नाही, तर त्याच्या वतीनं मशिनीनं हसायचं? आणि कुणाला, तर एक तहानलेलं लेकरू पाणी मागतंय त्याला!

वाईट ह्याचं वाटतं की, नागूला ती मालिका लई आवडायची. सातच्या आत दुकान आवरून आमच्याकडं हजर.

"अक्का, बघ की! आपल्यासारखं हाय कुणीतरी टीव्हीत!"

चिकू दिसला की नागू पुढं सरकून बसायचा. "आज बोलंल बघ. आज त्याला काम दिलं आसंल." चिकू तोंड उघडायचा, "हाय, मेरा नाखून टूट गया!" ट्यांव! हसण्याचा धबधबा. झालं काम.

"आरं, त्याचं घर कुठं हाय? आई हाय का न्हाई? जेवतंय कुठं? कायतरी दावा की बे!" नागू टीव्हीवर ओरडायचा. आणि दुसऱ्या दिवशी परत पुढं सरकून बसायचा.

पुढं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असणार. तो "टुंई-टुंई-ट्यांव" टीव्हीतनं गल्लीत उतरला. आधी शाळेतली पोरं. नागू पाणी भरायला निघाला, ट्यांव! मग चावडीवरची थोर मंडळी. मग बाजारात येणारे, ज्यांच्या खेड्यात वीजही धड नव्हती, तेसुद्धा! त्या बंड्यानं तर आपल्या लुनाला त्याच सुराचा हॉर्न बसवून घेतला. माझ्या घरात, माझ्या आरशापुढं, माझे मालक दाढी करताना तोच सूर गुणगुणायला लागले.

"ओ! काय लावलंय?"

"मी कुठं काय लावलंय? तोंडात बसलंय ते."

आता ह्याला उलटं उत्तर नागू देणार कसं? टोमण्याला उत्तर देता येतं. ट्यांवला काय देणार? लोकांनी एक शब्दही बोलायचा नाही आणि माणसाला रस्त्यावर चिरडायचं, ही कला त्या मालिकेनं आमच्या गावाला फुकटात शिकवली.

पंचमी तोंडावर आली. माहेरवाशिणी गावात यायला लागल्या, दुकानात गर्दी. शहरात दिलेली एक पोरगी हात पुढं करून बसली, अन् बांगड्या भरून होईपर्यंत मैत्रिणीकडं बघून खुदूखुदू हसत राहिली. शेवटची बांगडी चढली आणि बाईसाहेब नमस्कार न करता उठल्या. नागूनं तिथंच दुकानाच्या फळ्या लावल्या.

मी धावत गेले. बघते तर शर्ट-पँट घातलेला, काजळ पुसलेलं, पिशवी भरलेली.

"कुठं निघालास?"

"लातूरला. कापडाच्या दुकानात वळखीचा माणूस हाय. ठाण उलगडायचं, घडी घालायची. तिथं कुणी मला वळखत न्हाई. तोंड मिटून ऱ्हाईन."

"आन परडी?"

"देवीला बी तीच मालिका दावा म्हणावं," नागू म्हणाला आणि पिशवीचं तोंड बांधायला लागला.

माझ्या मस्तकात तिडीकच गेली. संध्याकाळच्या एसटीला अजून वेळ होता. तडक बंडूकडं गेले.

"बंड्या, ते च्यानल बंद कर."

"अक्का, आता? आता बंद केलं तर लोक मारतील मला!"

"कावून? एक दिवस मालिका न्हाई बघितली तर मरत्याल का?"

बंडू कायतरी सांगत होता, पण ऐकत बसायला मला कुठं वेळ! सात वाजत आलेले. घरी आले. पकड सापडेना, अडकित्ता सापडला. मालकांना शिडी धरायला उभं केलं.

"अगं पण ऐक तरी..."

"एक शब्द बोललात तर उद्यापासनं भाकरी तुमच्या तुमी थापा!"

मालकांनी शिडी धरली. मी माळवदावर गेले. आणि तिथं, शिव शिव, एक का वायर! केबलची, टेलिफोनची, मठाच्या भोंग्याची, वर आमची कपडे वाळत घालायची तार. संधिप्रकाशात मी नेम धरून पहिली कापली. ती कपड्यांची निघाली. माझं ओलं नऊवारी लुगडं सरकलं आणि खाली मालकांच्या डोक्यावर! दुसरी कापली, मठातले स्वामीजी प्रवचनात "म्हणून मनुष्याने" इथपर्यंत येऊन गप्प झाले. तिसरी कापली. कट्ट!

अन् सगळ्या वरल्या आळीतून एकच आवाज उठला, "आऽऽऽ!"

मनात म्हटलं, लागलं ना जिव्हारी? बसा आता बोंबलत!

तेवढ्यात खालून लुगड्यातनं मालकांचा घुसमटलेला आवाज आला, "अगं बये, आज मालिका न्हाई! म्याच हाय म्याच! शेवटची ओव्हर!"

"मग आधी कावून न्हाई सांगितलं?"

"भाकरीवर कोण पाणी सोडंल!"

पळत आली ना माणसं! पुढं बंडू, मागं सगळी आळी, बायका-पोरांसकट. आणि गल्लीत त्यांना काय दिसलं? डोक्यापासून गुडघ्यापर्यंत हिरव्या लुगड्यात गुरफटलेले, शिडीला मिठी मारून उभे असलेले गिरणीचे मालक! सुटायला ते गिरकी घेत होते आणि दर गिरकीला आणखी गुंडाळले जात होते. गर्दीतनं कुणीतरी सूर लावला, "टुंई-टुंई-ट्यांव!" सगळी गल्ली खदाखदा हसली.

"कोण हाय बे त्यो? पुढं ये!" लुगडं गरजलं. सकाळी दाढी करताना गुणगुणणारे हेच बरं का! ट्यांव आपल्यावर वाजल्यावर बरोबर टोचलं.

पण मला आता थांबवणार कोण? मी माळवदाच्या कडेला उभी राहून, अडकित्ता उगारून, सुरू झाले. "हसता काय रे! एका माणसाला गावातनं उठवलं तुमी! तोंडावर बोलायची छाती न्हाई, मशिनीच्या मागं लपून हसताय! एवढे मर्द हाव ना? मग एकेकानं पुढं यावं! का हातात बांगड्या भरल्यात?"

मला वाटलं, काय जबरदस्त बोलले मी!

"अक्का," गर्दीच्या मागनं आवाज आला. नागू! हातात पिशवी, एसटीला निघालेला. तो पुढं आला आणि डावा हात वर केला. काजळ पुसलं होतं, पण बांगडी तेवढी काढवली नव्हती त्याला. "ह्या हातात हाय की बांगडी. मग काय झालं म्हणायचं?"

"आरं, तुला न्हाई रे... तसं म्हणायची रीत हाय..."

"आख्ख्या गावाला बांगड्या भरतो मी. तुला बी भरतो. नमस्कार करतीस मला. आन शिवी द्यायची म्हटल्यावर तुला बांगडीच घावली? मग त्या टीव्हीवाल्यात आन तुझ्यात फरक काय गं?"

नागूनं मालकांना लुगड्यातनं सोडवलं, शिडी उचलली आणि समोरच्या भिंतीला टेकवली.

"नागू, शिडी लाव."

"आधी शब्द माघारी घे."

"लोक बघायलेत की रे!"

"बघू दे. तूच टीव्ही बंद पाडलास, आता लोकांनी बघायचं काय?"

खरंच, म्याच विसरून गाव माना वर करून मलाच बघत होतं. मालकांना म्हटलं, "तुमी तरी लावा ओ!" तर ते म्हणाले, "मी भाकरी थापायला चाललो."

मग मी जीभ चावली आणि मोठ्यानं म्हणाले, "घेतला शब्द माघारी! आन सगळ्यांनी ऐका. ह्यो नागू. भाऊ म्हणा, बहीण म्हणा, त्याला जे आवडंल ते म्हणा. माझं हाय ते. त्यो लातूरला जाणार न्हाई. नागू, जाऊ नको रे! तू गेल्यावर मी भांडून कुणाकडं जाऊ?"

बोलता बोलता रडूच फुटलं मला. माळवदावर, अडकित्ता हातात घेऊन!

पाटलीणबाई गर्दीतनं पुढं झाल्या. "नागू, पंचमी तोंडावर आली, माझे हात बघ. दुकान उघड. आन जिला नमस्कार जड जातोय तिनं बांगड्या शहरातनं आणाव्यात." मग सगळ्या बायका आपापल्या नवऱ्यांवर अशा घसरल्या की, म्याचचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. बंड्यानं तिथल्या तिथं लुनाचा हॉर्न उपटला.

एसटी गेली. नागूची पिशवी राहिली. त्यानं शिडी लावली, मी उतरले, आणि गल्लीतच खाली बसवून त्यानं मला पंचमीचा चुडा भरला. एक माप लहान. मुद्दाम! डोळ्यांतनं पाणी आलं माझ्या, पण आई गं म्हटलं नाही. वाकून नमस्कार केला.

त्या चिकूचं पुढं काय झालं, कोण जाणे. शेवटपर्यंत त्याला कुणी धड बोलू दिलं नाही म्हणतात. ना घर दाखवलं, ना आई. आठवलं की अजून माझं डोकं भणभणतं.

आणि तो ट्यांव? तो काही गावातनं गेला नाही. नागूला वाजवायचं मात्र थांबलं. आता मी नुसती स्टुलावर जरी चढले ना, तरी मागं कुणीतरी सूर लावतंच, "टुंई-टुंई-ट्यांव!" आणि वळून बघावं, तर हिरव्या बांगडीचा हात तोंडावर धरून नागूच हसत असतो. बिना मशिनीचा.