फाटकाची कडी

पाळणाघरात काही सांडलं, फुटलं, फाटलं की मावशी कधीच विचारत नसत, "कोणी केलं?" हा प्रश्न ऐकला की पोरांचे वकील होतात, असं त्यांचं म्हणणं. "मी नाही, त्याने!" "तिने आधी!" मग बसा निवाडा करत. मावशी नुसतं म्हणायच्या, "चला, कोण निस्तरतंय?" आणि दूध सांडणारा पठ्ठ्या आपणहून फडकं घेऊन यायचा. पुसून झालं की विषय संपला, संध्याकाळी आईकडे चहाडी नाही. दोन खोल्या, पुढे चिमुकलं अंगण. नवरा गेल्यावर मावशींनी हे एकटीने उभं केलं होतं आणि त्यावरच त्यांचं पोट होतं.

त्या दुपारी पोरं झोपली म्हणून मावशींनी जरा अंग टाकलं आणि त्यांचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा फाटक सताड उघडं आणि सगळ्यात धाकटी गायब! मावशी तशाच उठल्या. अनवाणी धावल्या. दोन घरं पलीकडे सायकलवाल्याच्या दुकानात बाईसाहेब मजेत चाक फिरवत बसल्या होत्या.

"आत्ताच आली," सायकलवाला म्हणाला. "मी कोणाला बोलायचो नाही, मावशी."

भला माणूस, पण त्याने मावशींना भलत्याच मोहात पाडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर धाकटीची आई पोर काढून नेणार, तिचं ऐकून बाकीच्याही. मग खायचं काय? संध्याकाळपर्यंत मावशींनी दोन-तीनदा गप्प बसायचं ठरवलंसुद्धा.

संध्याकाळी फाटकाशी आईबाप जमले. धाकटीची आई दवाखान्यात नर्स. दमून आली होती. तिला पाहिलं आणि मावशींना राहवेना.

"आज माझा डोळा लागला. ही बाहेर गेली, सायकलवाल्यापर्यंत. सुखरूप आहे. पण चूक माझी."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात जुळ्यांचे वडील पुढे झाले. एरवी तोऱ्यात असणारे साहेब, आज मान खाली.

"कडी मीच उघडी टाकली असणार. दुपारी पोरांचं औषध द्यायला आलो होतो, घाईत होतो."

बुडत्याला एवढा आधार पुरे होता. पण मावशींनी तो घेतला नाही.

"कडी तुम्ही विसरलात, साहेब. पोर मी विसरले."

धाकटीची आई पोरीला उचलून निघून गेली. आता ही काही परत येत नाही, असं मावशींनी गृहीत धरलं आणि पदराने डोळे पुसले.

सकाळी ती आली. राग अजून नाकावरच होता. आत येऊन तिने कडी घातली, ओढून पाहिली आणि पोरीला मावशींच्या कडेवर दिलं.

"दुपारी झोपायचं नाही, मावशी."

"नाही झोपणार, बाई."

"दुसरं पाळणाघर बघायला निघाले होते," ती म्हणाली. "पण तिथे काही झालं, तर मला सांगणार कोण?"